मी रंगखाऊ नाही!

मी एक जुनी बाटली आहे. अंगठ्याएवढी, काचेची, निळ्या झाकणाची. पण मित्रांनो, माझी कहाणी ऐकण्याआधी एक कबूल करा. या घरात मला 'रंगखाऊ' म्हणतात, ते तुम्ही म्हणायचं नाही. म्हणणार असाल तर आत्ताच उठा आणि चालू लागा. असले श्रोते मला नकोत.

माझ्या पोटात एक द्रावण आहे. विमानांच्या आणि गाड्यांच्या छोट्या प्रतिकृतींवर अंक, पट्टे, चिन्हं चिकटवतात ना, त्या पातळ पापुद्र्याला डेकल म्हणतात. ते पाण्यात भिजवायचं आणि कागदावरून अलगद सरकवून जागेवर बसवायचं. पण प्रतिकृतीचं अंग काही गुळगुळीत नसतं. त्यावर खाचा असतात, पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांचे, म्हणजे रिव्हेटचे, बारीक टिपके असतात. त्यांच्यावर डेकल ताठ बसून राहतं, न धुतलेल्या कोऱ्या चादरीसारखं. मग माझं झाकण उघडतात. ब्रशनं मला जरासं लावलं की डेकल मऊ पडतं, खाचेत उतरतं, टिपक्याला बिलगतं. वाळल्यावर ते चिकटवलंय की रंगवलंय, हे कोणाला ओळखू येत नाही.

कारखान्यात मला भरलं तेव्हाच माझ्या पाठीवर सगळं छापलं होतं. आधी टाकाऊ तुकड्यावर लावून बघा, रंग पुरता वाळू द्या, खिडकी उघडी ठेवा. अक्षरं मुंगीच्या पायाएवढी, हे मान्य. पण डोळे असलेल्या माणसाला वाचता येतातच की! आणि ज्या ताईनं मला आणलं ती तर चष्म्याच्या दुकानात कामाला होती. दिवसभर लोकांकडून बारीक अक्षरं वाचून घ्यायची आणि घरी आली की माझ्या पाठीकडे ढुंकून बघायची नाही. आहे की नाही कमाल?

तरी आमचं छान चाललं होतं, खोटं कशाला बोलू? खिडकीजवळच्या टेबलावर ताईनं किती गाड्या, किती बोटी, किती विमानं केली. सगळी चकचकीत ऑइलपेंटनं रंगवलेली. तो रंग वाळून टणक झाला की मी त्यावर खुशाल पसरायचे आणि त्याच्या केसालाही धक्का लागायचा नाही. ताई काम झालं की मला उजेडात धरायची आणि म्हणायची, "तुझ्यावाचून माझं पान हलायचं नाही, बाई." तेव्हा मी शहाणी होते, गुणी होते!

मग आईचं विमान आलं.

आई म्हणजे ताईची आई. तरुणपणी ती विमानतळावर मेकॅनिक होती. टपाल नेणारं एक छोटं विमान तिच्याकडे देखभालीला असायचं. त्याच्या पोटाचे पत्रे तिनं स्वतःच्या हातानं रिव्हेट मारून बसवले होते. ते विमान पुढे भंगारात गेलं, आणि अलीकडे आईचे डोळेही गेले. तिला आता फक्त उजेड आणि अंधार कळायचा. एकदा जेवताना ती सहज म्हणाली, "मरायच्या आधी त्याच्यावर एकदा हात फिरवायला मिळाला असता, तर बरं झालं असतं."

ताईचा घास हातातच राहिला. दुसऱ्याच दिवशी तिनं त्या विमानाची प्रतिकृती करायला घेतली. एका ओळखीच्या छपाईवाल्यानं जुन्या फोटोवरून विमानाच्या अंकांचं डेकल छापून दिलं. दोन बाजूंना दोन अंक आणि कोपऱ्यात एक जादा पट्टी, बस्स. लगेच त्यानं यंत्र विकलं आणि धंदा बंद केला. म्हणजे हे डेकलचं पान बिघडलं तर दुसरं मिळणार नव्हतं. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मलाही.

आता नीट ऐका, कारण सगळा घोळ इथेच आहे. ऑइलपेंटच्या वासानं आईला खोकला यायचा. म्हणून ताईनं या वेळी पाण्यात कालवायचा अ‍ॅक्रिलिक रंग आणला. आणला तर आणला, चांगलंच केलं. पण रंग बदलला की मला आधी तपासून बघायला नको? त्यावर वार्निशचा एक थर द्यायला नको? ऑइलपेंटला तो लागायचा नाही, म्हणून इथेही दिला नाही. नेहमीच्या सवयीनं डाव्या बाजूला अंक बसवला, नेहमीच्याच हातानं मला भरपूर माखलं, आणि फोन वाजला म्हणून बाई आत गेल्या.

डेकलला सुरकुत्या पडल्या. अहो, पडणारच! मऊ पडताना ते आधी आक्रसतं, मग आपलं आपण सपाट होतं. त्या वेळी त्याला कोणी हात लावायचा नसतो. पण तेवढ्यात ताईचा धाकटा भाऊ आला. टायरच्या दुकानात काम करतो, सगळे त्याला घाईभाऊ म्हणतात, आणि ते नाव त्यानं मेहनतीनं कमावलंय.

"अगं ताई, हे बघ, चुरगळलं!" असं ओरडून त्यानं अंगठा ठेवला आणि दाबला. पंक्चरचं ठिगळ दाबावं तसा!

अंगठा उचलला तर अंक त्याला चिकटून आलेला, आणि खालचा रंगही सायीसारखा निघून आलेला. ताई धावत आली. मग तिनं कोणाकडे बघितलं असेल? माझ्याकडे!

"ही मेली बाटली नासलीय. रंग खाल्ला हिनं."

"रंगखाऊ आहे," घाईभाऊ लगेच म्हणाला. अंगठा पुसत!

मी नासले? मी जी काल होते तीच आज होते! रंग कोणी बदलला? अंगठा कोणी दाबला? पण बाटलीला तोंड असलं तरी बोलता कुठे येतं. मला मोडक्या पंखांच्या डब्यात टाकलं. इतक्या वर्षांच्या कामाचं हे बक्षीस. आजही आठवलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

उरलेला अंक माझ्याशिवाय लावायचा, असं दोघांचं ठरलं. सुदैवानं ताईला आधी करून बघायची बुद्धी झाली. पानाच्या कोपऱ्यातली नको असलेली एक पट्टी तिनं मोडक्या पंखावर नुसत्या पाण्यानं बसवली, डोळे मिटले आणि बोट फिरवलं. बोट लगेच कडेला अडकलं.

"स्टिकर लागतोय हाताला," ती म्हणाली. "आईला विमान लागायला हवं, स्टिकर नको."

"मग?"

"मग काय! काढ तिला डब्यातून."

तिला, म्हणजे मला. ना माफी, ना काही. त्या मोडक्या पंखावर ताईनं नवा रंग दिला, तो चांगला वाळू दिला, आणि अर्ध्या भागावर वार्निश लावून तेही वाळू दिलं. मग दोन्हीकडे मला थोडं थोडं लावलं. उघडा रंग मऊ पडून उठला. वार्निशखालचा जागच्या जागी राहिला. ताई बघतच राहिली.

"बाटली नाही रे. माझंच चुकलं," ती हळूच म्हणाली.

हळूच! शिव्या देताना आवाज चांगला गल्लीपर्यंत गेला होता.

मग विमानाच्या उजव्या बाजूला वार्निश दिलं आणि ते पुरतं वाळल्यावर अंक बसवला. खिडकी सताड उघडली. ब्रशच्या टोकानं मला जेमतेम लावलं आणि बाजूला ओघळलेलं लगेच फडक्यानं टिपून घेतलं. सुरकुत्या पडल्या तसा घाईभाऊचा हात पुढे आलाच. ताईनं त्यावर चापट मारली, त्याला दंडाला धरून बाहेर नेलं आणि दार लावून घेतलं. दोघं परत आले तेव्हा अंक पत्र्यांच्या खाचांत उतरला होता, एकेका रिव्हेटला बिलगला होता. डावी बाजू घासून नुसती रंगवली. तिथे लावायला अंकच उरला नव्हता.

विमान आईच्या मांडीवर ठेवलं. तिची बोटं उजव्या बाजूवरून चालू लागली. एका रिव्हेटपाशी थांबली, पुढे गेली, मागे आली.

"हा माझा पत्रा," आई म्हणाली. "आणि अंक कुठे लावलास गं?"

"तुझ्या बोटाखालीच आहे."

आईनं पुन्हा चाचपलं. "लागत नाही हाताला." मग ती हसली. "खरंच की. आमचा रंगवलेला होता. तोही कधी हाताला लागला नाही."

मित्रांनो, माझ्या जन्मात मला याहून मोठी शाबासकी मिळाली नाही, आणि ती देणारीला मी खोलीत आहे हेही माहीत नव्हतं.

आईचा हात डाव्या बाजूला गेला. तिथेही हाताला काही लागलं नाही. घाईभाऊनं ताईला डोळ्यांनी खूण केली, गप्प बस. गप्प बसली असती तर आईला कधीच कळलं नसतं.

"आई, या बाजूला अंक नाहीच," ताई म्हणाली. "बिघडला. रंग बदलला होता आणि मी तपासून बघितलं नाही."

"का बदललास?"

"तुला खोकला यायचा."

"अगं वेडे, मला सांगायचंस. मी शेजारच्या घरी जाऊन बसले असते." आईनं डावी बाजू वर केली आणि त्या कोऱ्या जागेवर बोटानं अख्खा अंक गिरवला, न अडखळता. "हा घे. लागला."

ताई रडली. घाईभाऊही रडला, पण तो म्हणाला डोळ्यात काहीतरी गेलंय.

आईनं त्यांना माफ केलं. मी अजून केलेलं नाही. मित्रांनो, तुम्हीही कधी अशी विमानं कराल. रंग नवा असो की जुना, मला आधी टाकाऊ तुकड्यावर लावून बघा. खिडकी उघडी ठेवा आणि माझ्यावर नाक खुपसून बसू नका. विमानाच्या पारदर्शक काचेवर मला सांडू नका, ती धुरकटेल. सुरकुत्या दिसल्या की हात पाठीमागे बांधा. काम झालं की माझं झाकण घट्ट लावा. एवढं करूनही बिघडलं, तर मला खुशाल शिव्या द्या.

ते विमान आता माझ्यासमोरच्या फळीवर आहे, डावी बाजू माझ्याकडे करून. रोज सकाळी आई येते, त्या कोऱ्या जागेवर अंक गिरवते आणि समाधानानं निघून जाते. तिला ती जागा दिसत नाही. मला दिसते.