अखंड सुया

एका सुईचं टोक मोडलं होतं. बाकीच्या शेकडो सुया एकाच बिंदूतून पंख्यासारख्या फाकलेल्या, पांढऱ्या, केसाएवढ्या बारीक. प्रत्येकीवर मातकट पातळ थर. मोडलेल्या टोकावर मात्र थर नव्हता. ते काचेसारखं स्वच्छ होतं.

म्हणजे मोड ताजी होती. दिपमालाचा ब्रश पाण्यातच राहिला. फैजपूरच्या या ओसरीवर नवऱ्याने खाणीतून आणलेले स्फटिक ती लग्नापासून धूत होती.

“याले हातोडा लागला का हो?”

“नाही ना,” भटू जेवता जेवता म्हणाला. “काल भोक पाडून आत बॅटरी मारली, तं खाली शेवयाच सांडेल होत्या.” तो हसला. “खीर करते का?”

तिने दुसरा दगड पाहिला, मग तिसरा. सगळ्यांवर तशीच ताजी मोड. बंद पोकळीत, कुणी हात लावण्याआधीच. म्हणजे वरचा दगडच हलला होता.

“छत ठोकलं होतं?”

कपारीत शिरण्याआधी छताला हातोडीच्या पाठीने ठोकायचं, आवाज खणखणीत आला तरच आत सरपटायचं, ही या कामातली पहिली रीत. भटू भाकरी चावत राहिला.

“ठोकलं तं सुया झडतात. तूच म्हने ना, अखंड आना?”

ती म्हणाली होती. दगड विकत नेणाऱ्या व्यापाऱ्यासाठी नव्हे. पहिल्यांदा न मोडलेला पंखा हातात आला, तेव्हा दिवसभर तो तिने कुणाला दाखवलासुद्धा नव्हता. तेव्हापासून भटूने ठोकणं सोडलं, हे तिला ठाऊक होतं. आता पुरे म्हणायचं ती रोज ठरवायची. रोज एखादा नवा दगड पुढ्यात यायचा, आणि ते राहून जायचं.

“आज हिरवा काढतो,” हात धूत भटू म्हणाला. “सुयांच्या मागं चमकून राह्यला. एवढा! पोटावर थोडं आत सरकलं की हात पुरते.”

हिरवा स्फटिक तिने फक्त व्यापाऱ्याच्या फोनवर पाहिला होता. चार गुळगुळीत उतार आणि वर एकच टोक. क्षणभर तिला तो ओला, आपल्या तळहातावर दिसला.

बाहेर मोटरसायकल थांबली. भटूचा जोडीदार वना ओरडला, “चाल रे! का वहिनी सोडत नाही?”

दिपमाला उठून दारात गेली. ओले हात तिने साडीला पुसले.

“वनाभाऊ, यांची वाट पाहू नका. तुम्हीबी जाऊ नका. छत हालून राह्यलं.”

“कोन म्हने?”

“मी म्हनते.”

वनाने गाडी बंद केली. भटू एका पायात चप्पल घालून तसाच उभा होता.

“अन् हिरवा?” त्याने हळूच विचारलं.

“राहू द्या तिथंच,” ती म्हणाली. “आजपासून या घरात दगड येनार नाही.”