माझ्यावरचा पत्रा

ओली चटई. सलाइनच्या बाटलीत लावलेला मनीप्लांट. कबुतराचे पीस. "डबा आला का वं?" एकच चप्पल.

हे सगळे माझ्यात पडलेले असते. मित्रांनो, मी एक जुना चौक आहे. रस्त्यावरचा नव्हे, धंतोलीतल्या एका कौलारू घराच्या मधोमधचा. चारही बाजूंना खोल्या. मी स्वतः नुसती रिकामी जागा. मला स्वस्थता नाही, कारण रिकामी जागा पाहिली की प्रत्येकाला काहीतरी सुचते.

पूर्वी माझ्यात भिवापुरी मिरच्या वाळल्या, बारशी झाली. लोक म्हणत, "काय हवा आहे!" मग घर बंद पडले. मग कुणी काही म्हणेना.

आजूबाजूला दवाखाने आहेत. खेड्यांतून आलेले पेशंटचे नातेवाईक फुटपाथवर झोपतात. त्यांच्यासाठी मालक मनोहररावांनी घर दुरुस्तीला दिले. अट एकच: उन्हाळाभर लोक टिकले तर घर राहील, नाहीतर पाडून पार्किंग.

ठेकेदार मार्तंडने भिंती सावरल्या, न्हाणीघरे बांधली. आणि जाता जाता माझ्यावर फायबरचा पत्रा ठोकला. पाऊस नको, कबुतरे नकोत. मे महिन्यात खोल्याखोल्यांत कूलर लागले.

कूलरची ओली हवा माझ्यात आली. वर जायला वाट नाही. ती बसून राहिली. भिंतींना घाम. माणसांना घाम. लोक चटया गुंडाळू लागले.

सावनेरच्या सिंधूताईंचा मुलगा समोरच्या दवाखान्यात होता. त्यांनी मार्तंडला दारातच गाठले.

"काहून गा मार्तंड, आमचा ढोकळा करून राहिला का?"

"कूलर तं नवे आहेत ताई."

"कूलर नवे, पण हवा जाईन कुठं? वर झाकण ठोकून ठेवलं तू."

"अन् पाऊस आला मंग?"

"तं सरकून बसू. मले पोरापाशी राहाचं आहे. पुन्हा फुटपाथवर जाऊ का?"

मार्तंडने वर पाहिले. मग गुंडाळलेल्या चटयांकडे.

"शिडी आणा गा," तो म्हणाला.

पत्रा निघाला. ऊन धाडकन आत पडले आणि कोंडलेली हवा वर गेली. सिंधूताईंनी चटई पुन्हा पसरली. उन्हाळा सरला तेव्हाही चटया जागेवर होत्या. पार्किंगचा विषय मनोहररावांनी पुन्हा काढला नाही.

तरी मला चैन नाही. कालच कुणीतरी टेप लावून माझे माप घेऊन गेले.

मित्रांनो, जुने घर नवे करा, जरूर करा. दारे बदला, नळ बदला. पण रिकामे दिसले की लगेच भरू नका. आधी थोडा वेळ तिथे बसा.

मला बांधताना मधली जागा उघडी ठेवायचे कुणी ठरवले नव्हते. सागवान संपले, म्हणून छप्पर तिथेच थांबले.