पत्रू नाकेदाराचं फायर

जंगलखात्याचा पहारेकरी पत्रू नाकेदार पंधरा वर्षं धानोऱ्याच्या जंगलात वणवे विझवत होता. पण वणव्याला इंग्रजीत फायर म्हणतात, हे त्याला ठाऊक नव्हतं. म्हणजे सरकारच्या लेखी त्याला वणव्यातलं काहीच कळत नव्हतं.

हा शोध लावला नव्या साहेबानं. साहेब सहा महिने अमेरिकेत जाऊन जंगल शिकून आला होता. तिथं काय पाहिलं देव जाणे, पण आल्या आल्या त्यानं हुकूम काढला. नाकेदाराच्या वरची, फॉरेस्टरची एक जागा रिकामी आहे, मार्चात तोंडी परीक्षा होईल, आणि ‘फायर’ या शब्दाचे सरळ आणि अलंकारिक असे सगळे उपयोग सांगता आले पाहिजेत. जंगल वाचवायचा याहून सोपा उपाय आजवर कोणाला सुचला नव्हता.

पत्रूला साहेबी नको होती. फॉरेस्टरला धानोऱ्यात क्वार्टर मिळे आणि धानोऱ्यात पाचवीची शाळा होती. त्याची पोरगी चंदा गावात चौथी पास होऊन वर्षभर घरी बसली होती. क्वार्टर मिळालं तर ती पाचवीत, नाही तर आईसोबत मोहाच्या झाडाखाली टोपली घेऊन, फुलं वेचायला. एवढाच मामला.

तो चंदाला घेऊन लाकडाच्या डेपोतल्या जलालुद्दीन मुनशीकडे गेला. मुनशीला इंग्रजी येत असे आणि ते कोणी विचारत नाही याचं दुःखही होत असे.

“चुलीत जळते ते फायर,” मुनशी म्हणाला. “बंदूक चालवली, तेबी फायर. डोक्यात राग हाय, कामात जोर हाय, सब फायर. अन् साहेबानं नोकरीवरून हाकललं, त अमेरिकेत त्यालेबी फायरच म्हंतेत.”

“एवढ्या कामाले एकच शब्द?” पत्रू म्हणाला. “लय गरीब मुलूख दिसते.”

“म्हणून त साहेबाले सहा महिन्यांत सारा येऊन गेला, पत्रूभाऊ.”

महिनाभर घरात हेच चाललं. चंदाला चार दिवसांत सगळं पाठ झालं, शब्दाची इंग्रजी अक्षरंही ती मुनशीकडून शिकली. पत्रू गस्तीवर पुटपुटत फिरे आणि घरी येऊन पोरीकडून चुका काढून घेई. त्याची बायको रुखमाबाई भात वाढता वाढता म्हणे, “जंगल पेटलं त तुमी आधी इचारान, हे कोनतं फायर हाय म्हून.” 

परीक्षेच्या दिवशी विश्रामगृहाच्या अंगणात टेबल मांडलं. पहिला नंबर चांदा शहरातल्या गुणवंतरावाचा. मॅट्रिक पास, पँटीला कडक इस्त्री, जंगल पाहिलेलं ते मोटारीच्या खिडकीतून. तरुणांच्या काळजातल्या फायरवर तो बोलत होता, साहेब मान डोलवत होता, आणि तेवढ्यात मागून धूर आला.

मोहाची फुलं गळायच्या दिवसांत बाया झाडाखालचा पाला जाळतात, म्हणजे पडलेलं फूल साफ दिसतं. आज्या-पणज्यांपासूनची रीत. त्या दिवशी वारा फिरला, आग गवतात शिरली आणि विश्रामगृहाच्या गवती छपराकडे निघाली. गुणवंतराव “फायर, फायर” म्हणाला. उच्चार अगदी शुद्ध. साहेब जीपमध्ये जाऊन बसला. पत्रूनं छपराच्या अलीकडचं गवत आपणच पेटवून दिलं, म्हणजे मागून येणाऱ्या आगीला खायला काही उरू नये, आणि हिरवी डहाळी तोडून बाकीची झोडपून विझवली. छप्पर वाचलं, टेबल वाचलं, टेबलावरचे मार्कांचे कागदसुद्धा वाचले.

साहेब खाली उतरला, खूश झाला. आता वेगळी परीक्षा कशाला, म्हणाला आणि पत्रूचं नाव लिहायला त्यानं पेन उघडलं. मग सहज विचारलं, “आग जिथून निघाली, ते झाड कोणाचं?”

कागदावर जंगलातलं झाडन् झाड सरकारचं. साहेबाला तेवढंच ऐकायचं होतं. पण गावात प्रत्येक मोह कोण्या ना कोण्या घरचा असतो, दुसरी बाई तिथलं फूल उचलत नाही आणि तिथला पाला दुसरी कोणी जाळत नाही. पत्रूचे हात काळे झाले होते, ऊर भरून आला होता, आणि महिनाभरात पहिल्यांदा कोणी त्याला येणारी गोष्ट विचारली होती.

“माह्या घरचं हाय साहेब,” तो म्हणाला. “माह्या आजीपासून. आता आमची रुखमा वेचते.”

साहेबाचं पेन थांबलं. आग कोणी लावली ते आपणच सांगून बसलो, हे पत्रूला तेव्हा कळलं.

तीन दिवसांनी इंग्रजी कागद आला. मुनशीनं तो टेबलावर पसरला, चंदानं बोट ठेवत ठेवत ‘फायर’ तीन ठिकाणी शोधून काढला. पहिला, विझवल्याबद्दल शाबासकीचा. दुसरा, पत्रूच्या कामात तो आहे म्हणून कौतुकाचा. तिसरा, बायकोनं सरकारी जंगल पेटवल्यामुळे जागा गुणवंतरावाला दिली आहे, पुन्हा असं झालं तर पत्रूला नोकरीवरून काढू, असं सांगणारा. मुनशी अर्थ सांगायला लागला, पण पत्रूला एकही विचारावा लागला नाही. खाली एक ओळ होती, नव्या फॉरेस्टरला वणवा विझवायचं पत्रूनं शिकवावं.

“बाबा, तिन्ही बराबर आले ना तुमाले?” चंदानं विचारलं.

“तिन्ही आले.”

“मंग मी पाचवीत?”

पत्रूनं कागदाची घडी केली, परत उघडली, परत केली. “नाई,” तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चंदा टोपली घेऊन आईसोबत मोहाखाली गेली. पाला सगळा जळून गेला होता. फुलं साफ दिसत होती.