बाजारचौकातले थँक्यू

मतदानाच्या आधीच्या शनिवारी, इंग्लंडातल्या ब्रेथली या आमच्या गावाच्या बाजारचौकात, चीजवाल्याच्या गाड्याशेजारी आमच्या पक्षाचे घडीचे टेबल मांडलेले होते. गॉर्डन टॅटरसॉल गर्दीतून वाट काढत सरळ उमेदवार जोन हॉवर्थसमोर आला, त्याने हात पुढे केला आणि चौकाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "माझं मत तुला, पोरी. आणि मला मानणाऱ्या सगळ्यांचंही तुलाच."

जोनने तो हात हातात घेतला, ती हसली आणि म्हणाली, "थँक्यू, गॉर्डन."

आमच्याकडे हे विचार करून होत नाही. बसमध्ये दुसऱ्याने आपल्या पायावर पाय दिला तरी आपणच आधी माफी मागतो, आणि उतरताना ड्रायव्हरचे आभार मानल्याशिवाय खाली पाऊल ठेवत नाही. जोन तर शाळेच्या स्वयंपाकघरात काम करणारी. मुलांनी रिकामी ताटे परत केली की प्रत्येकाला थँक्यू म्हणण्यात तिची उमर गेली होती. हात कोणाचा आहे हे मनापर्यंत पोहोचण्याआधीच शब्द तोंडातून बाहेर पडला होता. मात्र समोर मोबाइल धरलेले लोक उभे होते, आणि दुपारच्या चहापर्यंत तो हात, ते हसू आणि तो शब्द सबंध गावाने पाहिला होता.

गॉर्डन वीसेक वर्षे आमच्या पक्षाचा नगरसेवक होता. गेल्या ऑक्टोबरात सरकारने स्टेशनजवळच्या बंद हॉटेलात परदेशातून आश्रयाला आलेली कुटुंबे आणून ठेवली, तेव्हा तो आमचा पक्ष सोडून नव्या पक्षात गेला आणि हॉटेलच्या पायरीवर भोंगा घेऊन उभा राहिला. "आधी गिरणीत रात्रपाळीला म्हणून आले," तो म्हणाला होता, "मग गल्ल्याच घेऊन बसले. आता ही पुढची खेप." समोरच्या फुटपाथवरून मिसेस अख्तर भाजीची पिशवी घेऊन चालल्या होत्या. त्यांचे यजमान हयात असताना गिरणीत रात्रपाळीच करीत, आणि त्याच खात्यात गॉर्डन त्यांच्याबरोबर डबा उघडत असे. त्या दिवसापासून मिसेस अख्तर यांनी बाजाराला येणे सोडले.

नव्या पक्षातही गॉर्डनचे निभले नाही. त्यांनी बाहेरगावच्या एका तरुण घरदलालाला त्याच्या डोक्यावर आणून बसवले. गॉर्डनने भांडण केले, नगरसेवकपद फेकून दिले, आणि त्यामुळेच आमच्या प्रभागात ही पोटनिवडणूक लागली.

मिसेस अख्तर यांची मुलगी नसीम हाय स्ट्रीटवर औषधांचे दुकान चालवते. जोनने तिला आपली निवडणूक एजंट होण्याची गळ घातली, तेव्हा नसीमने एकच अट घातली होती.

"तो माणूस आपल्या आसपास नको, जोन. मतं कमी पडली तरी चालतील."

"अगं, हे काय सांगायला हवं?" जोन म्हणाली होती. "शब्द दिला."

त्या शनिवारी दुकान बंद झाल्यावर तिघे मागच्या खोलीत बसले: जोन, नसीम, आणि आमच्या शाखेचा अध्यक्ष नेव्हिल एंट्विसल. नसीमने कोट काढला नव्हता.

"एक ओळ पुरे," ती म्हणाली. "'गॉर्डन टॅटरसॉल यांचा पाठिंबा मला नको.' तुझ्या नावाने फेसबुकवर आत्ता टाकते. लोकांना कळेल की तू सवयीने बोललीस."

"असं परस्पर टाकणं बरं दिसतं का?" जोन म्हणाली. "आधी तोंडावर सांगायला हवं त्याला. मी उद्या जाते ना त्याच्याकडे."

"त्यानं चौकात येताना तुला विचारलं होतं?"

नेव्हिल खोकला. "हे बघा, मी त्याची बाजू घेत नाही. पण बीच स्ट्रीटपासून वरची सगळी घरं अजून त्याचं ऐकतात. त्यानं आपल्याकडं काही मागितलंय का? नाही. मग शुक्रवारी मोजणी होईपर्यंत गप्प राहायला काय जातं?"

"नेव्हिल, तुमचं काही जात नाही," नसीम म्हणाली. "ते मला ठाऊक आहे."

नेव्हिलने आपल्या बुटांकडे पाहिले. जोनने नसीमच्या हातावर हात ठेवला. "उद्या. नक्की."

रविवारी दुपारी ती गेली. गॉर्डनचे घर बस वळते त्या कोपऱ्यावर आहे, आणि कुंपणाशी जोनच्या नावाची पाटी आधीच ठोकलेली होती. जुनाच दांडा, जुनाच हातोडा. दर निवडणुकीला तो ती पाटी लावत आला होता, फक्त वरचे नाव तेवढे बदलले होते. जोनने फाटकातच वाक्य जुळवून ठेवले: गॉर्डन, पाटी काढा आणि माझं नाव घेऊ नका.

दार उघडताच तो म्हणाला, "ये, ये पोरी! किटली ठेवलेलीच आहे."

घर थंड होते. एकाच खुर्चीवर उशी होती. दुसरी खुर्ची त्याने तिच्यासाठी वर्तमानपत्रे उचलून मोकळी केली. बेदाण्याच्या केकचे त्याने दोन तुकडे केले आणि मोठा तिच्यासमोर सरकवला.

"गॉर्डन, मी एक सांगायला आले होते."

"सांग की. पण आधी खा. तुला खरं सांगू? महिन्याभरात या खुर्चीवर कुणी बसलं नाही. तुमच्यातले रस्ता ओलांडून पलीकडनं जातात. त्या नव्यांनी तर फोनच उचलायचा सोडला. क्लबात गेलो, तर माझ्या टेबलावरनं माणसं उठून गेली."

"तुम्ही हॉटेलापुढं जे बोललात, त्यामुळं..."

"त्या गर्दीत काय बोललो ते मलाही आठवत नाही." तो तिच्याकडे न पाहता म्हणाला. मग हसला. "ते असू दे. बीच स्ट्रीट तुझ्या खिशात आहे. शुक्रवारी बघशील. साखर किती?"

त्याला ते आठवत होते. जोनला ते त्याच्या हसण्यात दिसले. तेव्हाच बोलायला हवे होते. पण समोर केक होता, आणि कपातला चहा अर्धा राहिला होता. तिने केक संपवला, चहा संपवला, आणि दारात उभी राहून म्हणाली, "माफ करा हं, रविवारचा त्रास दिला."

फाटकाबाहेर पाटीवर स्वतःचेच नाव वाचत ती काही वेळ उभी राहिली. नसीमला तिने फोनवर सांगितले, "बोलले मी त्याच्याशी." हे खोटे नव्हते, आणि खरे तर मुळीच नव्हते. नसीमने विचारले, "मग ती ओळ टाकू?" जोन म्हणाली, "थांब जरा. त्याला थोडा वेळ देऊ." यानंतर नसीमने तो विषय पुन्हा काढला नाही.

बुधवारी संध्याकाळी त्या दोघी बीच स्ट्रीटवर दारोदार फिरत होत्या. पद्धत नेहमीचीच: उमेदवाराने दार वाजवून बोलायचे, दुसऱ्याने फाटकाशी यादी घेऊन उभे राहायचे आणि कोण आपले, कोण परके याची खूण करायची. एका दारात सपाता घातलेला, कुत्र्याला गळपट्ट्याने धरून ठेवलेला गृहस्थ आला.

"तुम्हीच होय? गॉर्डन तुमच्या बाजूनं आहे म्हणे. मग आमचं ठरलं. म्हणजे ते हॉटेल आता रिकामं होणार, आणि ही मंडळी..." त्याची नजर फाटकाकडे गेली. "तुम्हाला नाही हं म्हणत, बाई. तुम्ही चांगल्या आहात. माझ्या गुडघ्याचं औषध तुमच्याकडनंच घेतो मी."

कुत्रा भुंकला. जोनच्या मनात उत्तर तयार होते. शाळेच्या स्वयंपाकघरात एखाद्या मुलाने दुसऱ्याला असे काही म्हटले असते, तर तिने डाव खाली ठेवून त्याला बाजूला घेतले असते. पण हा दहा वर्षांचा मुलगा नव्हता. हे एक मत होते, आणि मतदान उद्यावर आले होते.

"आम्ही सगळ्याच गोष्टींत लक्ष घालणार आहोत," ती म्हणाली. "वेळ दिल्याबद्दल थँक्यू."

दार बंद झाले. ती फाटकाशी आली, तेव्हा नसीमचे पेन यादीवर टेकलेले होते.

"काय लिहू?"

"नसीम, मी..."

"'नक्की आपलं' लिहू, की 'बहुतेक'?"

जोनने रस्त्याच्या दोन्ही टोकांकडे पाहिले. "नक्की," ती म्हणाली.

नसीमने सुबक अक्षरात खूण केली आणि ती पुढच्या फाटकाशी जाऊन उभी राहिली.

गुरुवारी मतदान झाले. शाळेच्या दाराबाहेर पक्षाचे रिबिनीचे फूल छातीला लावून नसीम दिवसभर लाकडी खुर्चीवर बसली, आणि आत जाणाऱ्यांचे मतदार-क्रमांक विचारून टिपत राहिली. दर निवडणुकीला मिसेस अख्तर मतदान सुरू होताच मत देऊन जात, आणि येताना बाहेर बसलेल्यांसाठी थर्मासमधून चहा आणीत. या वेळी दुपार उलटली तरी त्या आल्या नाहीत. जोनने विचारले, "अम्मी?" नसीम यादीवरून मान न उचलता म्हणाली, "त्यांना बरं नाही." मग थोड्या वेळाने, "तब्येत चांगली आहे तशी."

शुक्रवारी सकाळी क्रीडा संकुलाच्या सभागृहात मोजणी झाली. बॅडमिंटनच्या रेषांवर मांडलेल्या टेबलांवर गठ्ठे वाढत गेले, आणि बीच स्ट्रीटच्या पेटीपर्यंत जोन मागे होती. ती पेटी उघडली, आणि ती पुढे गेली. फरक इतका थोडा होता की नव्या पक्षाने फेरमोजणी मागितली. फेरमोजणीतही तो तेवढाच राहिला.

जिंकणाऱ्याच्या भाषणाची आमच्याकडे एक ठरलेली चाल आहे. आधी निवडणूक अधिकाऱ्याचे आभार, मग पोलिसांचे, मोजणाऱ्यांचे, विरोधी उमेदवारांचे, शेवटी आपल्या माणसांचे. जोनने ते सगळे मानले. पहिल्या रांगेत गॉर्डन उभा होता. त्याने कोटाला आमच्या पक्षाचे जुने, कडा विरलेले फूल लावले होते. बाजूच्या भिंतीला टेकून नसीम उभी होती.

जोनने हातातला कागद दुमडला. "एक थँक्यू मी चुकून दिलं होतं," ती म्हणाली. "शनिवारी, बाजारात. ते मी परत घेते. गॉर्डन टॅटरसॉल यांचा पाठिंबा मला नको होता. आजही नको आहे. हॉटेलापुढं ते जे बोलले, त्याची मला लाज वाटते."

नेव्हिलने डोळे मिटले. आणि गॉर्डन टाळ्या वाजवू लागला.

"वा!" तो मोठ्याने हसत म्हणाला. "मतं मोजून झाल्यावर! आता शोभलीस खरी नगरसेविका. मी वीस वर्षांत जे शिकलो ते तू एका आठवड्यात शिकलीस, पोरी."

काहीजण हसले. नव्या पक्षाची माणसे तर खुशीत हसली. जोन व्यासपीठावरून उतरून भिंतीपाशी गेली, तेव्हा नसीम आपले फूल काढून त्याची टाचणी जपून बंद करीत होती.

"मी बोलले, नसीम. सगळ्यांसमोर बोलले."

"ऐकलं मी."

"उशीर झाला, कळतंय मला. पण बोलले तर खरी."

"बुधवारी त्या दारात बोलली असतीस, तर आपण हरलो असतो," नसीम म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर जोनला बरे वाटले असते. "हरून मी तुला घरी जेवायला नेलं असतं. अम्मीनं तशी तयारी करून ठेवली होती. त्या शनिवारच्या थँक्यूपर्यंत." तिने ते फूल जोनच्या हातात ठेवले. "एजंटचे सगळे कागद मी वेळेत भरून देईन. त्याची काळजी करू नकोस."

सोमवारी जोन रक्तदाबाच्या गोळ्या आणायला गेली. दुसऱ्या दुकानात जावे, असे तिच्या मनात वाटेत दोनदा आले. नसीमने पाकीट समोर ठेवले आणि नव्या गिऱ्हाइकाला सांगावे तसे सांगितले, "रोज सकाळी एक, मिसेस हॉवर्थ. नाश्त्यानंतर." इतक्या वर्षांत तिने जोनला आडनावाने कधी हाक मारली नव्हती. जोनने मान हलवली. तोंडाशी आलेला शब्द तिने गिळला, आणि तो गिळणे किती अवघड आहे हे तिला प्रथमच कळले.

ती दाराशी पोहोचली, तेव्हा बाहेरून एक बाई आत येत होत्या. दोन्ही हातांत डबे, मान खाली, पायरीवर लक्ष. मुलीचे दुपारचे जेवण असावे. जोनने दार ओढून उघडे धरले आणि ती बाजूला झाली.

"थँक्यू, लव्ह," मिसेस अख्तर म्हणाल्या. आमच्याकडे अनोळखी माणसालाही लव्ह म्हणतात, आणि गावात चाळीस वर्षे काढलेल्या कुणाच्याही तोंडून तो शब्द जसा आपसूक येतो, तसाच तो आला होता.

मग त्यांनी मान वर केली आणि दार कोणी धरले आहे ते पाहिले. हसू अजून त्यांच्या चेहऱ्यावर होते. ते हळूहळू मावळत गेले, आणि ते पुरते जाईपर्यंत जोन दार धरून उभी राहिली.