कुलपावरचा हशा

कौटुंबिक विनोदावर प्रबंध लिहायचा म्हणून मी त्या जुन्या मालिकेचे दुसरे पर्व पुन्हा पाहत होते. शेजारी धाकटी बहीण हर्षदा बसली होती. सचिन गावच्या औद्योगिक वसाहतीजवळच्या सासरहून ती उधन्याला माहेरी आली होती. मालिकेतला विसराळू नवरा दर भागात बायको घरात असताना बाहेरून कुलूप लावून कामावर जातो आणि ध्वनिमुद्रित प्रेक्षक खदखदून हसतात. लहानपणी आम्हीही हसलो होतो. संस्कार म्हणतात ते हेच असावेत.

"आमचे हे बी असेच विसरतात," हर्षदा म्हणाली.

"कधी?"

"रोजच. सवय झाली गं ताई. घराखालचं केमिकलचं गोडाऊन पेटलं तेव्हा बी कुलूप होतं, तेवढी भीती वाटली."

इतक्यात तिला न्यायला तिचा नवरा योगराज आला. पडद्याकडे पाहून तोही हसला.

"ताई, तुम्ही हसत नाही? चल हर्षदा."

ती निमूट उठली. मी दोघांच्या मध्ये उभी राहिले. आवाज वर्गात शिकवतानाचा निघाला.

"योगराजराव, हर्षदा येणार नाही."

त्याचे हसू थांबले. मला भीती वाटली, पण मी हलले नाही.