बर्फाचे मापकरी

शुक्रवारी दुपारी रियाधमधली शहाणी माणसं जेवून आडवी होतात. शिरीष जोगळेकरच्या बैठकीत मात्र तीन प्रौढ इंजिनियर एसी सोळावर लावून, वर शाली पांघरून, लॅपटॉपवर अमेरिकेत पडणारा बर्फ बघत बसले होते. शिरीषच्या बायकोने, चित्राने, चहाचा ट्रे टेबलावर ठेवला तेव्हा एकाचीही मान वर झाली नाही.

या मंडळींना हिमवादळांचा नाद होता. व्हॉट्सअॅपवर त्यांचा गट होता आणि त्यात बारा महिने या वादळाची त्या वादळाशी कुस्ती लावलेली असे. सत्त्याहत्तरचं बफेलोचं वादळ मोठं की त्र्याण्णवचं, यावरून वैभव आणि गोपीनाथराव एकमेकांशी महिनाभर बोलत नव्हते. तिघांपैकी कुणीही फ्रीजरमधल्या सोडून दुसऱ्या बर्फाला हात लावलेला नव्हता. तबूकजवळच्या डोंगरावर बर्फ पडला की सौदी माणसं पोराबाळांना आणि चहाच्या किटल्यांना गाडीत घालून बघायला जातात. तो बर्फ यांना चालत नसे. चार बोटं पडतो, त्यात मोजायचं काय? रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, हे चित्राच्या मनात रोज येई आणि ती ते बोलूनही दाखवी.

गटाचा नियम एकच होता: ऐकीव आकडा चालत नाही. बर्फात पट्टी उभी रोवलेली हवी, तिच्यावरचा आकडा वाचता यायला हवा, तसा फोटो आला तरच नोंद. शिरीष कारखान्यातली मोजमापाची यंत्रं तपासणारा, तेव्हा नियम त्याचाच. 'अंदाजे' हा शब्द कुणी उच्चारला तरी त्याच्या कपाळाला आठी पडे. या वर्षी तर त्याची कॉलर ताठ होती, कारण त्यांची लेक रुचिरा ऑगस्टमध्ये बफेलोला शिकायला गेली होती. चित्राला दिसे ती भाड्याच्या खोलीत एकटी राहणारी, पहिलाच हिवाळा काढणारी पोर. शिरीषला दिसे ते घरचं हवामान केंद्र.

कालपासून तिथे वादळ होतं. घराबाहेर पडू नका, असं तिथल्या सरकारने बजावलं होतं. चित्रानेही लेकीला तेच बजावलं होतं आणि रुचिरा हो म्हणाली होती.

तेवढ्यात शिरीषचा फोन वाजला आणि तिघेही त्यावर तुटून पडले. फोटो रुचिराचा होता. अंगणातला बर्फ, त्यात रोवलेली लांब पट्टी आणि ती धरलेला हात. वैभवने चोवीस इंच वाचले. गोपीनाथराव चष्मा कपाळावर चढवून म्हणाले की पट्टी जराशी कललेली आहे, तेवीस धरा. माझी मुलगी पट्टी कलती धरणार नाही, असं शिरीषने ऐकवलं.

चित्राने सरळ फोन ओढून घेतला. सरकारी इस्पितळात ती भाजलेल्यांच्या वॉर्डात डॉक्टर होती, कातडी ओळखणं तिचं रोजचं काम. हातात मोजा नव्हता. बोटांची टोकं मेणासारखी पांढरी पडली होती, म्हणजे हिमदंशाची सुरुवात. तिघा विद्वानांनी फोटो मोठा करकरून आकडा वाचला होता, पण आकड्याला टेकलेली बोटं एकालाही दिसली नव्हती.

त्यांच्याशी तोंड वाजवण्यात वेळ न घालवता ती आत गेली आणि तिने लेकीला व्हिडिओ कॉल लावला. बोटं चोळू नकोस, कोमट पाण्यात धर, असं सांगून ती समोर बसून राहिली. हळूहळू बोटं लाल झाली, झोंबू लागली, रुचिरा कळवळली, तेव्हा कुठे चित्राच्या जिवात जीव आला.

"मोजा का काढलास?"

"ग्लोव्हने नंबर झाकला जातो, आई. पहिला फोटो रिजेक्ट झाला. बाबा म्हणाले, परत काढ."

"मी बाहेर जाऊ नको म्हटलं होतं."

रुचिराने पाण्यातली बोटं उघडमीट केली. "कालपासून बाबांनी मला पाच वेळा फोन केला, आई. ऑगस्टपासून एकदाही केला नव्हता."

चित्राने बोटं हलकेच पुसून घ्यायला सांगितलं आणि फोन ठेवला. ती बैठकीत आली आणि पाहुण्यांना म्हणाली, "खलास. घरी जा." ते निमूट उठले. दारात चपला घालताना वैभवने शिरीषला हळूच विचारलं की तेवीस लिहू की चोवीस. असल्या माणसाला शिव्या घालणं म्हणजे शिव्या वाया घालवणं, म्हणून चित्राने नुसतं दार लावलं.

मग तिने शिरीषला बोटांचं सांगितलं आणि त्या पाच फोनचंही. त्याचा चेहरा पडला. आत्ता फोन कर, ती म्हणाली, आणि बर्फाचं अवाक्षर काढू नकोस.

त्याने फोन लावून स्पीकरवर टाकला. बोटांचं विचारलं, मग खाल्लंस का विचारलं. रुचिरा म्हणाली, बरी आहेत, खाल्लं. पुढे त्याला काही येईना. वीस वर्षांच्या लेकीला विचारायला त्याच्यापाशी तिसरा प्रश्न नव्हता. तो खाकरला, त्याने शालीचं टोक चाळवलं, मदतीसाठी चित्राकडे बघितलं. चित्राने मदत केली नाही. तिला त्याची फजिती बघायची होती.

दया आली ती रुचिराला.

"बाबा, अजून पडतोय. खिडकीतून दिसतंय. दोन-तीन इंच वाढला असेल. मोजून येऊ?"

शिरीषने एकदा चित्राकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"नको. तू आतच थांब. अंदाजे चालेल."

"नक्की?"

"हो. तू सांग, खिडकीतून आणखी काय काय दिसतंय?"

चित्राने गार झालेले कप गोळा केले. तिचा राग गेलेला नव्हता. तिने ते स्वयंपाकघरात नेऊन हळू, आवाज न करता खाली ठेवले.