तोरणाखाली पुरलेली

मी उकंडरावाची कुऱ्हाड बोलतेय. आवाज खोलातून येतोय ना? येणारच. गावाच्या आखरावर, गुरं गोळा होतात त्या मोकळ्या जागेत, पोळ्याचं तोरण बांधतात त्याच्या बरोब्बर खाली, हातभर मातीत मी पडून आहे. वर खुरं वाजली की अजून माझा जीव टांगणीला लागतो.

रिसोडच्या बाजारात एका लोहारानं बंडीच्या चाकाची जुनी लोखंडी धाव तोडून मला घडवलं. उकंडरावानं बाभळीचा दांडा बसवला. जळतण फोडावं, कुंपणाला काटे तोडावेत, सांजेला कोनाड्यात पडावं, असं माझं चाललं होतं. लोक म्हणत, "कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ." मला राग यायचा. दांडा बिचारा काय करतो? धरणारा हात कोणाचा, ते बघा की!

उकंडराव आणि शालिग्राम चुलत भाऊ, घरं समोरासमोर. पोळ्याला उकंडरावाचा बैल तोरणाखालून पहिला जायचा, कारण हे थोरलं घर. शालिग्राम म्हणे, "पाळी लावा. एक साल तुमी, एक साल आमी." उकंडराव म्हणे, मान काय वाटून घ्यायची चीज आहे? शब्दानं शब्द वाढला, बोलणं तुटलं.

त्यात बावन्न साली उकंडरावाचा बाप वारला. भावकीत मयत झाली की दोन्ही घरांत दहा दिवस सुतक, तळणाची कढई चुलीवर चढत नाही. पण तिसऱ्याच दिवशी शालिग्रामच्या घरातून भज्यांचा वास आला. माणसं अपमान गिळतात म्हणे, पण वासाचा अपमान गिळता येत नाही. त्या दिवसापासून उकंडराव रोज मला दगडावर घासू लागला. लाकूड नसताना धार लावतात, तेव्हा कुऱ्हाडीनं काय समजावं?

दोन वर्षांनी पोळ्याच्या सकाळी उकंडरावाचा एकुलता एक लेक नथ्थू मला घेऊन आईजवळ आला. वय वीस, तोंडावर बापाचाच ताठा.

"माय, झुलीले आतून खिसा शिवून दे. कुऱ्हाड जवळ असू दे. त्यायनं काठ्या काढल्या तर?"

"कायले पाह्यजे रे हे?" तुळसाबाई म्हणाली. पण पोराच्या जिवाची काळजी, तिनं शिवून दिला. उकंडरावाला कोणी सांगितलं नाही. मी कबऱ्या बैलाच्या पाठीवर, रंगीत झुलीखाली निजले. पातं त्याच्या कातड्यापासून बोटभर लांब होतं, आणि मला बोलता येत नव्हतं.

आखरावर दोन्ही बैल एकदमच तोरणासमोर आले. शालिग्राम हटेना, नथ्थू हटेना. गर्दी रेटली, कबऱ्या शेजारच्या बैलावर घासला आणि मी त्याच्या पाठीत रुतले. तो बिथरला, उधळला. वेसण धरून नथ्थू पुढंच उभा होता. शिंगं त्याच्या छातीत गेली. पोळा फुटण्याआधीच पोर गेलं.

फाटल्या झुलीतून मी खाली पडले. उकंडरावानं मला उचललं. आपली कुऱ्हाड इथं कशी, एवढंही त्याला सुचलं नाही.

"शालिग्राम, माहा बैल तू बिथरवला. आता तुले सोडत नाही."

हात वर गेला. शालिग्रामची मान मला स्पष्ट दिसत होती. एवढ्यात तुळसाबाई मधे येऊन उभी राहिली.

"अवो, आधी बैलाची पाठ पाहा. झुलीत खिसा म्या शिवला. त्यात कुऱ्हाड नथ्थूनं ठेवली. तेच रुतली त्याले. भाऊजीनं बैलाले हातबी नाही लावला."

सारं गाव ऐकत होतं. ती गप्प राहिली असती तर तिला कोणी बोल लावला नसता. पोटच्या पोराचं मरण तिनं स्वतःच्या सुईवर घेतलं. अशी छाती मी कुठल्या गड्याचीही पाहिली नाही.

उकंडरावाचा हात तसाच वर राहिला. मग शालिग्राम दोन पावलं पुढं आला, माझ्या अगदी पात्याखाली.

"दादा, ते कुऱ्हाड मले दे. नथ्थूच्या सरणाचं लाकूड मी फोडतो."

वैऱ्याच्या हाती धार द्यायची? उकंडरावाची बोटं दांड्यावर आवळली, सुटली, पुन्हा आवळली. शेवटी त्यानं मला शालिग्रामच्या हाती दिलं. शालिग्राम लाकडं फोडताना रडत होता. त्याची बायको पंचफुला घरी गेली आणि तिनं कढई अंगणात पालथी घातली. दहा दिवस ती तशीच होती.

तेराव्यानंतर दोघा भावांनी मिळून मला इथं पुरलं. आता पाळी लागली आहे, एक साल हे, एक साल ते. पण गेल्या पोळ्याला वर दोन बैल बराच वेळ अडून राहिले. "यंदा पाळी कोणाची?" कोणीतरी चढ्या आवाजात विचारलं. मग समोरच्या घरच्या पोराला वाट देणारा तुळसाबाईचा आवाज आला, "जा रे बापा, तू जाय आधी." खुरं पुढं गेली.

ती किती दिवस पुरणार? म्हातारी झाली आहे. आणि माझी नखाएवढी धार अजून शिल्लक आहे. बाबांनो, तेवढी गंजून जाईस्तोवर तरी मला उकरू नका.